दोन वाजून सत्तर मिनिटं

चिकलठाण्याच्या त्या बेअरिंग कारखान्यात एअर कंडिशनर एकाच खोलीत होता, आणि तोही माणसांसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. दाराशी चपला काढून आत जावं लागे. आत एक कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि एकमेकांचं काहीच न पटणारे दोन प्रोग्रॅमर.

त्रिंबक देवगाव रंगारीचा. आधी टाइम ऑफिसात हजेऱ्या लावायचा. कॉम्प्युटरची बेसिक नावाची भाषा त्यानं वहीच्या चौदा पानांत उतरवून घेतली होती, आणि त्या चौदा पानांपलीकडं माणसाला काही लागत नाही असं त्याचं ठाम मत होतं. सर्जेराव स्टोअरमधून आलेला. कंपनीनं त्याला तीन महिने पुण्याला शिकायला धाडलं, तेव्हापासून तो पास्कल नावाच्या दुसऱ्या भाषेवर फिदा होता. खरं तर भाषेपेक्षाही त्याचा जीव जडला होता ती लिहायच्या निळ्या पडद्यावर. वर मेनू, एका वेळी चार खिडक्या, चुकलं की लाल पट्टी, शिवाय एकेक ओळ थांबवून बघायची सोय.

"एवढा बारदाना कशाला लागतो रे?" त्रिंबक विचारायचा. "चार ओळी लिहायच्या तर आधी सात फ्लॉप्या घालायच्या. गाडी सुरू होईपर्यंत मी पोचून चहा पिऊन ऱ्हातो."

"तू पोचतो, पण कुठं पोचला ते तुला कळत नाय," सर्जेराव म्हणायचा. "माझी गाडी रस्ता चुकली तर सांगती तरी."

एका शुक्रवारी पर्सोनेल ऑफिसर काकासाहेब आत आले. त्यांनी खुर्चीवर बसून आधी पाच मिनिटं नुसती थंड हवा खाल्ली, मग म्हणाले, "हेड ऑफिसचा फोन होता. एका मशीनवर दोन भाषा आन् दोन माणसं कशाला, म्हणत्यात. एक भाषा ठेवा, तिचा माणूस ठेवा, दुसरा आपल्या जुन्या कामावर."

त्रिंबकला टाइम ऑफिसची खिडकी दिसली, सर्जेरावला ग्रीसचे डबे.

"सोमवारी ठरवू," काकासाहेब पुढं म्हणाले. "कुठला कामगार कुठल्या गाडीत, ती यादी आजवर मुंजाबा तोंडपाठ चालवतोय. सोमवारपासून ती कॉम्प्युटर काढील. पहिल्या पाळीची त्रिंबक, दुसऱ्या पाळीची सर्जेराव."

मुंजाबा हा कारखान्याच्या सातही गाड्यांचा मुख्य ड्रायव्हर. धनगराच्या घरातला. चारशे माणसांतलं कोण कुठल्या थांब्यावर उभं राहतं, कुणाची रजा आहे, हे त्याला न विचारता ठाऊक असे. काकासाहेबांनी त्याला बोलावून बजावलं, "सोमवारपासून यादीत नाव असंल तोच गाडीत. बाहेरचा एकबी माणूस घ्यायचा नाय."

"जशी मर्जी," मुंजाबा म्हणाला. पण त्याच्या मनाला ते लागलं.

शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही प्रोग्रॅम बिनचूक चालत होते. तेवढ्यात काकासाहेब घाईघाईनं परत आले. सोमवारी विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा होता. सकाळपासून बंदोबस्त लागणार, त्यामुळं तीन नंबरच्या गाडीचा रस्ता बंद. "तीन नंबरची माणसं सात नंबरात टाका, उरतील ती बाकीच्या गाड्यांत. आन् ज्यांना मोर्चाला जायचंय, त्यांना दुसरीऐवजी पहिली पाळी द्या."

त्यांच्या मागं पॅकिंगचा फकिरा उभा होता. "साहेब, चार वाजता क्रांती चौकातून निघायचंय," तो म्हणाला. "माझा बाप अठ्ठ्याहत्तर सालापासून या नावासाठी चालत होता. औंदा तो नाय. मला तर जायाच पाहिजे."

"जाशील की," त्रिंबक म्हणाला. "तीनला सुट्टी. पहिलं नाव तुझंच."

त्यानं वही न उघडताच प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घुसडल्या. प्रत्येकाची शिफ्ट कुठली ते आता विचारायला हवं होतं. उत्तर ज्या जागेत ठेवायचं तिला त्यानं शिफ्टचा 'एस' असं नाव दिलं. गाडीतल्या सीटांची संख्याही त्यानं आधी 'एस'मध्येच ठेवली होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि बेसिकनं काही ते सांगितलं नाही. यादी छापली, न वाचताच फाडली आणि दिली. इतक्या साध्या प्रोग्रॅमात चुकायला जागाच कुठं होती?

सर्जेरावनं तर लिहिलंसुद्धा नाही. निळ्या पडद्यावर एक मेनू उघडला, तीनच्या जागी सात घाल असं सांगितलं, सगळीकडं घाल असंही सांगितलं आणि एक बटण दाबलं. "चारशे बारा बदल!" तो ओरडला. "आन् खाली बघ, काय लिहिलंय. चुका शून्य!"

सोमवारी सकाळी सात वाजता गेटवर सहा गाड्या आल्या आणि त्यांतून सहा माणसं उतरली.

पहिल्या गाडीतून दगडाबाई. वीस वर्षं ती उभ्यानं आली होती. आज अख्ख्या गाडीत एकटी खिडकीशी बसून आली. "लई झ्याक वाटलं बघा," ती म्हणाली, "पण मागं ऱ्हायल्याल्या आमच्या बाया लई शिव्या देत हुत्या."

"मुंजाबा!" काकासाहेब किंचाळले. "बाकीची माणसं कुठंत?"

"थांब्यावर," मुंजाबा शांतपणे म्हणाला. "यादीत एकेकच नाव हाय. बाहेरचा घ्यायचा नाय म्हणला तुमी."

शिफ्ट पहिली, म्हणून 'एस' एक. 'एस' एक, म्हणून गाडीत सीट एक. त्रिंबक वही छातीशी धरून उभा राहिला. सर्जेराव आनंदानं लाल झाला होता. गाड्या परत धावल्या. थांब्यावरची माणसं येईपर्यंत नऊ वाजले. फकिराही आला, नुसता त्रिंबककडं बघून पॅकिंगला गेला.

दुपारी एक वाजता मुंजाबा सर्जेरावची यादी घेऊन खोलीच्या दारात आला. चपला काढल्या, आत आला. "साहेब, एक विचारू? दोन सत्तरला म्हंजी किती वाजता?"

"काय दोन सत्तर?"

"गाडी निघायचा टायम. दोन वाजून सत्तर मिनिटं."

सर्जेराव सकाळच्या विजयातून अजून खाली उतरला नव्हता. "यादीत असंल तेच बरोबर," तो म्हणाला. "चुका शून्य आल्यात."

मुंजाबानं बोटांवर हिशेब केला. सत्तर मिनिटं म्हणजे एक तास दहा. तीन दहाला निघायचं. त्यानं बाकीच्या ड्रायव्हरांनाही तसंच सांगितलं.

तीनचा भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचं कुणीच आलं नाही. पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही असा नियम, त्यामुळं पहिली पाळी जागेवर अडकली. सव्वातीन झाले. फकिरा हातातला खोका खाली न ठेवता पुन्हा पुन्हा घड्याळाकडं बघत होता.

त्रिंबकला ते बघवेना. सकाळी अडकवलं ते त्यानंच. तो पॅकिंगच्या टेबलाशी गेला. "फकिरा, तू निघ. तुझ्या जागी मी उभा ऱ्हातो."

"तुमाला जमंल का, साहेब?"

"मी पण ऱ्हातो," मागून सर्जेराव म्हणाला. दोन तीसचं दोन सत्तर कसं झालं याचा त्याला आता उलगडा झाला होता आणि चेहरा पार उतरला होता. "दोघं मिळून जमवू. माझी सायकल गेटवर हाय, घेऊन जा."

फकिरानं हातातला खोका खाली ठेवला आणि तो पळत सुटला.

पुढचा तासभर कारखान्याचे दोन्ही प्रोग्रॅमर बेअरिंगा कागदात गुंडाळत होते आणि दगडाबाई त्या पुन्हा सोडवत होती. "आरं दादांनो, कागद असा न्हाय, असा! शिकल्याली माणसं तुमी!"

पावणेचारला बाकीच्या गाड्या आल्या. सव्वाचारला सात नंबर आली, एका बाजूला कलंडून. तिच्यात सीट सदतीस होत्या. प्रोग्रॅममध्ये तीनचे सात झाल्यावर त्या सत्याहत्तर झाल्या. त्यामुळं दोन गाड्यांची चौऱ्याहत्तर माणसं एकाच गाडीत आली होती. आठजण टपावर होते. आतून बाहेर यायलाच दहा मिनिटं लागली.

"यादीबाहेरचा एकबी न्हाय, साहेब," मुंजाबानं काकासाहेबांना सांगितलं. "मोजून घ्या."

मंगळवारी काकासाहेबांनी दोघांना खोलीत बसवलं. "स्वतःची चूक कुणालाच दिसत नाय. त्रिंबकची सर्जेरावनं शोधायची, सर्जेरावची त्रिंबकनं. सापडंपर्यंत बाहेर यायचं नाय." आणि बाहेरून कडी घातली.

पाच वाजता त्यांनी कडी काढली. दोघंही हसतमुख होते. चुका सापडल्या होत्या, सुधारल्या होत्या, नव्या याद्या छापून, दोनदा वाचून तयार होत्या.

"मग ठरलं?" काकासाहेबांनी विचारलं. "कुठली भाषा ठेवायची?"

"पास्कल," त्रिंबक म्हणाला.

"बेसिक," सर्जेराव म्हणाला.

काकासाहेबांनी चष्मा काढला. "शुक्रवारी उलटं होतं ना?"

"साहेब, काय चीज हाय ती!" त्रिंबक म्हणाला. "एकेक ओळ थांबवून बघितली. तीनाचा सात कुठं झाला ते डोळ्यादेखत दिसलं. माझा प्रोग्रॅमबी मी आता तिच्यात लिव्हणार."

"कशाला?" सर्जेराव उसळला. "तुझा प्रोग्रॅम एका पानात मावतो! चहा येईपर्यंत मला चूक सापडली. माझ्यात चारशे बारा ठिकाणी शोधावं लागलं. मला ती चौदा पानं उतरवून घेऊ दे."

"चौदा पानांत काय ऱ्हातंय? एस कशाचा, तेबी सांगत नाय ती!"

"मग तू नीट नाव दे ना! त्यासाठी चार खिडक्या कशाला पाहिजेत?"

आवाज चढत गेले. काकासाहेबांनी फोन उचलून हेड ऑफिसचा नंबर फिरवला आणि दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"हां साहेब, काकासाहेब बोलतोय. दोघंबी ठेवावे लागतील. नाय, नाय, इलाज नाय. ज्याला जी भाषा येती ती त्याला नको झालीय, आन् जी पाहिजे ती त्याला येत नाय."