चौकशीला आलेला माणूस

पंडितरावांनी त्या बुधवारी रजा टाकली आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. एरवी हा माणूस रजेच्या वाटेला जात नसे. आपण घरी बसलो तर आपल्या खुर्चीत बसून दुसरा काय काय करून ठेवील, या काळजीनं त्यांना अन्न गोड लागत नसे. पूर्णा जंक्शनवर ते पार्सल क्लार्क. हयात गेली पार्सलांचे वास घेण्यात. वर 'कपडे' लिहिलेलं असायचं आणि आत तूप निघायचं. वर 'पुस्तके' आणि आत हिंगोलीची हळद. त्यामुळे जगात जे वर लिहिलेलं असतं ते आत नसतं, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती, आणि हा नियम ते माणसांनाही लावत. (स्वतःला सोडून.)

त्यांची मुलगी सत्यशीला परभणीच्या शेतकी विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं. कालव्याच्या पाण्यानं खारवट होत चाललेल्या जमिनी हा तिचा विषय. विद्यापीठाचं हॉलंडमधल्या एका विद्यापीठाशी काही ठरलं होतं, त्यातून एक वर्ष तिकडं शिकायला जायला तिची निवड झाली. पोरीनं पेढे आणले. कुसुमबाईंनी ते बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवले. पंडितरावांनी पेढा हातात धरला, खाल्ला मात्र नाही.

"जाण्यायेण्याचं कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"तेच देणार, बाबा."

"राहायचं?"

"तेच."

"जेवायचं?"

"तेबी तेच."

"सख्ख्या पाव्हण्यांनी कधी दोन दिस जेवू घातलं न्हाई. ह्या लोकांचं आपल्याकडं काय अडलंय?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः परभणीला गेले आणि सत्यशीलाच्या प्राध्यापकांना गाठलं. पोरगी तिकडं पोचली याची पोच कोण देणार, आणि परत आलीच नाही तर जबाबदार कोण, असे रेल्वेच्या खाक्यातले प्रश्न विचारून त्यांनी त्या सज्जन माणसाचा चहा थंड केला. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "अहो, सगळ्या विद्यापीठातून एकच जागा आहे, ती तुमच्या मुलीला मिळालीय." तेव्हा कुठं पंडितरावांनी संशय खिशात घातला. परत येताना मात्र पॅसेंजरमध्ये मिरखेलपासून पूर्णेपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला त्यांनी हॉलंड कुठं आहे ते सांगितलं. (ते त्यांनाही कालपरवाच समजलं होतं.)

आता राहिला पासपोर्ट. सत्यशीला म्हणाली, "बाबा, पोलीस चौकशीला माणूस येणार हाय. पासपोर्ट वेळेत न्हाई आला तर माझी जागा खालच्या नंबरच्या पोराला जाईल. तुमी फक्त नीट बोला."

"म्हंजी मी नीट बोलत न्हाई का?"

यावर मायलेकी एकमेकींकडं बघत बसल्या.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सेलूहून बायनाबाईचा सांगावा आला. बायनाबाई ही पंडितरावांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना कडेवर वाढवलेलं, त्यामुळं तिच्यापुढं त्यांची जीभ उचलत नसे. तिनं सत्यशीलासाठी सेलूचं एक स्थळ धरून आणलं होतं. मुलगा मास्तर, घर चांगलं. अट एकच, बुद्ध जयंतीला लग्न उरकायचं, ते हॉलंड-बिलंड काही नाही. "मुलाकडचा माणूस गुपचूप चौकशीला येणार हाय. मी सांगितलं म्हणू नको," असंही तिनं कळवलं होतं.

पंडितरावांनी खूप विचार केला. बहिणीला नाही म्हणायची छाती नव्हती. पोरीचं हॉलंड बुडवायचं नव्हतं. म्हणजे मुलाकडच्यांनीच नाही म्हणायला पाहिजे. आणि त्यांनी नाही म्हणावं याची व्यवस्था घरात बसून, आपण जातीनं करायला पाहिजे. म्हणून ती रजा.

चौकशीला येणारी माणसं दोन, एक पोलिसांचा आणि एक सोयरिकीचा. त्यात ओळखायचं काय? खाकीत येईल तो पोलीस, साध्या कपड्यात येईल तो सोयरिकीचा. इतकं सोपं होतं.

दुपारी एक गृहस्थ आला. पांढरा पायजमा, सदरा, काखेत छत्री. आधी शेजारच्या क्वार्टरमध्ये बराच वेळ काहीबाही विचारून आला होता, हे पंडितरावांनी खिडकीच्या फटीतून बघून ठेवलं होतं. पायताण दाराबाहेर काढून तो आत आला, राम राम केला आणि खुर्चीवर बसून भिंती न्याहाळू लागला.

"पोरगी परदेशी जायलीय म्हणं," तो म्हणाला.

आला की नाही मुद्द्यावर, असं पंडितराव मनात म्हणाले. वरून म्हणाले, "जायलीय न्हवं, पळून जायलीय म्हणा. हिच्या तापटपणाला गाव कटाळलं."

"तापट हाय?"

"लय. घरात ताट धड राहिलं न्हाई. पोचे बघायचेत का?"

"घरात काही भांडणतंटा, कोर्टकचेरी?"

"भांडण रोज असतं. कोर्टकचेरी आमच्या खानदानातच हाय. चुलत्यानं मला कोर्टात खेचलं, मी त्याला खेचलं. आता कोण कुणाला खेचायलंय ते वकिलालाच मालूम."

गृहस्थ गंभीर झाला. "अन् तुमाला काही व्यसन?"

आता खरं सांगायचं तर पंडितराव खोकल्याचं औषधसुद्धा आधी कुसुमबाईंना पाजून मग घेत. पण अंगात आलं होतं. "संध्याकाळची बत्ती लागली की मी कुणाला वळखत न्हाई," ते म्हणाले.

एवढ्यात कुसुमबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी दाराकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि खोकल्या. पंडितरावांना वाटलं, बायको साथ देतेय. कुसुमबाईंनी जाता जाता त्यांच्या पायावर पाय दिला. पंडितरावांना वाटलं, आणखी सांगा म्हणतेय.

"हिलाच विचारा की," ते म्हणाले. "मागल्या महिन्यात पोलिसांनी उचलून आणून टाकलं मला दारात."

गृहस्थाचा कप बशीतच राहिला. "कोणत्या पोलिसांनी?"

"आता धुंदीत नाव कोण विचारतंय?"

गृहस्थानं चहा संपवला, छत्री उचलली आणि चालता झाला. पंडितरावांनी हात चोळले. तेवढ्यात कुसुमबाई कपाळाला हात लावून खाली बसल्या.

"अहो, दारातले बूट बघितले का तुमी?"

"बुटाला काय झालं?"

"लाल बूट. असे चमकत होते की तोंड दिसावं. आत खाकी मोजे कोंबलेले. सोयरीक बघायला असे बूट घालून कोण येतं? जमादार होता तो, जमादार. साध्या कपड्यात येतेत ते चौकशीला."

पार्सल बाहेरून बघून आतलं सांगणारा हा माणूस, त्यानं दारातले बूट बघितले नव्हते. पंडितराव अनवाणीच रस्त्यापर्यंत धावले, पण छत्री केव्हाच नजरेआड झाली होती.

संध्याकाळी सत्यशीलाला सगळं समजलं. ती ओरडली नाही. तिनं हॉलंडची माहिती असलेली पुस्तकं टेबलावरून उचलून ट्रंकेत ठेवली आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडली. पोरगी चार शब्द बोलली असती तर पंडितरावांना बरं वाटलं असतं.

त्यांनी रजा वाढवली. (इथं शहाण्या माणसानं कामावर जायला पाहिजे होतं.) जमादारानं असलं काही वर सांगितलं म्हटल्यावर खात्री करायला मोठा साहेब येणार, असा त्यांचा हिशेब. आता ते कपड्यांना फसणार नव्हते. आता आधी बूट बघायचे.

शनिवारी कुसुमबाई शेजारी बारशाला गेल्या होत्या आणि दारात एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. खाकी शर्ट, खाकी पँट. पंडितरावांची नजर सरळ पायांवर गेली. लाल बूट, चमकणारे.

"जय भीम," तो माणूस म्हणाला.

पंडितरावांच्या तोंडात जय भीम आलाच होता. पण संशय त्याच्या आधी आला. खाकीतला साहेब आपल्या घरी येऊन जय भीम कशाला घालील? आपण चळवळीतले आहोत का, हेच बघायला. त्या वर्षांत नामांतराचं नाव काढलं की माणसं आवाज खाली आणत. पोरीच्या पासपोर्टात तेवढंच एक आडवं यायचं राहिलं होतं.

"नमस्कार," पंडितराव म्हणाले.

त्या माणसाचा चेहरा जरा उतरला. तो आत येऊन बसला. भिंतीवरच्या तसबिरींकडं बघून त्यानं हात जोडले. (त्या तसबिरी मात्र पंडितरावांनी काढल्या नव्हत्या. हॉलंड समुद्रात बुडालं असतं तरी काढल्या नसत्या.)

"पोरगी कशी हाय तुमची?"

"मुंगी दिसली तर वळसा घालून जाती, साहेब. आवाज म्हणून न्हाई घरात."

साहेब म्हटल्यावर तो जरा खुलला. "अन् तुमी?"

"सुपारीबी खात न्हाई. कोर्टाची पायरी कशी असती ते बघितलं न्हाई. त्या दिवशी तुमच्या माणसाला जे सांगितलं ते अंगात ताप होता म्हणून बोललो."

कुठला आपला माणूस ते त्याला समजलं नाही, पण त्यानं ते सोडून दिलं. पुढं सरकून म्हणाला, "मी ऐकलं ते येगळंच. तुमी नामांतराच्या सत्याग्रहात होता म्हणं. परभणीला लॉरीत घातलं होतं तुमाला."

आता हे पंडितरावांच्या आयुष्यातलं एकमेव मोठं काम. सकाळी लॉरीत घातलं होतं आणि संध्याकाळी सोडलं होतं. पण दर चौदा एप्रिलला विहारात ते सांगताना ही अटक थोडी थोडी वाढत गेली होती, आणि आता ऐकणाऱ्याला वाटे की या माणसानं तिथं पावसाळे काढले. ते नाकारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. पण डोळ्यांपुढं पोरीची ती ट्रंक आली.

"ते दुसरे पंडित," ते म्हणाले. "मी त्या दिवशी तापानं घरी पडून होतो." (रेल्वेला त्यांनी त्या दिवशी हेच कळवलं होतं, त्यामुळं वाक्य तयार होतं.)

"एकदाबी मोर्चात न्हाई?"

"मोर्चा दिसला की मी गल्ली बदलतो, साहेब."

माणूस उठला. पाणीही प्यायला नाही. दारात पाठमोरा उभा राहून म्हणाला, "मी साहेब-बिहेब न्हाई. सेलू डेपोला ड्रायव्हर हाय, नागनाथ माझं नाव. मुलाचा मामा. मी स्वतः त्या सत्याग्रहात जेलात होतो. पोरगी तुमची चांगली हाय हो. पण जय भीमला नमस्कार घालणाऱ्या घरी आमची सोयरीक न्हाई जमायची."

पंडितराव ताडकन उठले. ओठांवर आलं होतं, मामा, थांबा, तो पंडित मीच. पण हे म्हटलं की सोयरीक पक्की, बुद्ध जयंतीला लग्न आणि हॉलंड गेलं. नाही म्हटलं तर आयुष्यभराची अब्रू गेली. ते तोंड उघडं ठेवून उंबऱ्यात उभे राहिले, आणि नागनाथ मामा स्टँडच्या दिशेनं निघून गेला.

ती बातमी मामाच्या एसटीइतक्याच वेगानं फिरली. बायनाबाईनं कळवलं की तुझ्यापायी मला सेलूत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. चौदा एप्रिलला विहारात सगळ्यांची भाषणं झाली, पंडितरावांना कुणी बोलावलं नाही. ते मागं चपलांपाशी बसून राहिले. घरी आल्यावर सत्यशीलानं आपण होऊन त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "बाबा, माझ्यापायी केलंत." त्या भाकरीवर ते आठवडाभर जगले. पण पासपोर्ट काही येईना.

मे महिन्यात तो जमादार पार्सल ऑफिसात उभा राहिला. सूर्यभान त्याचं नाव. लेकीच्या सासरी, नांदेडला, टोपली पाठवायची होती. पंडितरावांनी सगळी हिंमत गोळा केली.

"जमादारसाहेब, त्या दिवशी मी जे सांगितलं ते खोटं होतं."

"कोणतं?"

"सगळंच."

"ते मला कवाच समजलं होतं," सूर्यभान म्हणाला. "दारू पिणारा माणूस आपल्या तोंडानं पितो म्हणून सांगत न्हाई. शेजारी विचारलं, नळावर तुमच्या मालकिणीला विचारलं. 'ह्यांना सांगू नका, आणखी घोळ घालतील,' म्हणाल्या. पोरगी चांगली हाय म्हणून कळवून टाकलंय. येईल पासपोर्ट."

पंडितरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन् माझं काय कळवलं?"

"तुमचं काय कळवायचं? वडील दखल घेण्यासारखे न्हाईत म्हणून टाकलं."

हेही त्यांनी गिळलं. पोरगी चालली होती ना, मग झालं. पण मन कुठं ऐकतंय. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "अन् ती माझी अटक आडवी आली न्हाई का? सत्याग्रहातली, परभणीची?"

सूर्यभाननं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "तिथं लॉरीपाशी नावं मीच घ्यायलो होतो. एक जण काही नाव सांगंना. नाव कशाला पाहिजे, त्याचं काय करणार, आधी तुमचं नाव सांगा, म्हणून डोकं खाल्लं माझं. शेवटी त्याचं नाव सोडून बाकीच्यांची लिहून घेतली. तुमीच का ते?"

पंडितरावांनी मान खाली घातली. म्हणजे सेलूच्या मामाला ते खरंच बोलले होते. सरकारदरबारी त्या लॉरीत पंडित नावाचा कुणी माणूस नव्हताच.

"आत काय हाय?" त्यांनी टोपलीकडं न बघताच विचारलं.

"आंबे."

आणि एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच, नाक टोपलीजवळ न नेता, पंडितरावांनी माणसावर विश्वास ठेवून 'आंबे' अशी पावती फाडली.

सत्यशीलाचा पासपोर्ट आणि पंडितरावांचा मेमो एकाच दिवशी आले. टोपली नांदेडच्या फलाटावर फुटली होती आणि आत तूप निघालं होतं.