नुसता एक पेन

हुंडा घ्यायचा नाही, हे शिवराजनं विमानातच ठरवलं होतं आणि उतरल्यापासून भेटेल त्याला सांगितलंही होतं. (परदेशात शिकून परतणारी माणसं विमानात बरंच काही ठरवतात. जेवण झाल्यावर तिथं दुसरं काम नसतं.) त्यामुळं देवगाव रंगारीच्या बद्रीनाथरावांच्या तनुजाशी लग्न ठरलं आणि देण्याघेण्याच्या याद्या करायला दोन्हीकडची माणसं बसली, तेव्हा तो मध्येच उभा राहिला.

"हुंडा नको, सोनं नको, गाडी नको. मला काहीच नको."

टाळ्या पडतील असं त्याला वाटलं होतं. एकही पडली नाही.

"काहीच नको?" बद्रीनाथरावांचा चेहरा उतरला. "पाव्हणं, मग लोक म्हणतील पोरीत कायतरी खोट हाय, म्हणून अशीच उजवली."

"मामा, लोकांचं सोडा हो."

"सोडून जायचं कुठं? तुम्ही जाताल चिकलठाण्याच्या फ्लॅटवर. आमाला गावातच ऱ्हायचंय. कायतरी मागा. लहान मागा, पण मागा."

शिवराजला त्यांची दया आली. "बरं, एक पेन द्या. लग्नाच्या रजिस्टरवर त्यानंच सही करीन."

आता मात्र टाळ्या पडल्या. तो तिथंच खाली बसला असता तर काही झालं नसतं. पण टाळ्या ऐकल्यावर त्याला बसवेना. त्यात तनुजाच्या भावानं, कृष्णानं, अदबीनं विचारलं, "दाजी, पेन कसा पाहिजे?" आणि शिवराज कारागिरीवर घसरला. रशियातले जुने सोनार चांदीवर केसाएवढ्या बारीक लाटा कशा कोरायचे, त्यावर रंगीत काचेच्या भुकटीचा पातळ थर देऊन भट्टीत कसे तापवायचे, मग पुन्हा थर, पुन्हा भट्टी, की शेवटी आतल्या लाटा रंगातून झळकायला लागायच्या. "आजही त्या पद्धतीचे पेन बनतात," असं म्हणत त्यानं कृष्णाच्या मोबाइलवर एका निळ्याशार पेनचा फोटो पाठवला. "नुसता बघायला."

एक गोष्ट त्याला कुणीच सांगितली नव्हती. बद्रीनाथरावांच्या गोतावळ्यात नवरदेव तोंडानं काही मागत नसतो. तो फोटो पाठवतो आणि 'नुसता बघायला' म्हणतो. त्यांच्या थोरल्या जावयानं बुलेट अशीच नुसती बघायला पाठवली होती. ती आता त्याच्या दारात उभी होती.

कृष्णा फोटो घेऊन शहरातल्या शहागंजात गेला. पेनच्या दुकानदारानं चष्मा वर केला, खाली केला आणि मोबाइल परत दिला. "मियाँ, ये पेन नहीं, जायदाद है. लिखने का नहीं, औलाद के नाम करने का."

मुंबईहून किंमत कळली, तेव्हा बद्रीनाथरावांनी ती कृष्णाकडून दोनदा वदवून घेतली. मग म्हणाले, "ट्रॅक्टरचं बुकिंग मोड. ट्रॅक्टर पुढल्या साली बघू."

बातमी गावभर झाली. शिकलेला जावई लई हुशार निघाला, ट्रॅक्टर मागितला तो पण खिशात मावंल असा.

शिवराजला हे तनुजाच्या फोनवरून कळलं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "बुलेटवाल्या दाजींना गाव हावरट म्हणायचं. आता म्हणतंय, बिचारा साधा होता."

"अगं, मी फक्त पेन मागितला!"

"व्हय, तोच. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करायचं नाही, हे मी पण ठरवलेलं आहे. विमानात नाय, एसटीत. तो पेन मांडवात आला तर मी येणार नाय."

शिवराज मिळेल त्या गाडीनं देवगावला पोचला.

"मामा, मला तो पेन नको."

"असं कसं? तुमाला आवडलाय की."

"आवडलाय, पण नको!"

"बघा, आवडलाय म्हणताय." बद्रीनाथराव समजूतदारपणे हसले.

"साधा पेन चालेल मला."

"चालंल म्हंजे मन मारून. कृष्णा, पाव्हणं नाराज दिसतेत. सोन्याच्या निबाचा बघ रे."

शिवराजनं हात जोडले. एवढा विनयशील जावई पाहून बद्रीनाथरावांना भरून आलं आणि त्यांनी पेनसोबत पेटीही मागवायला सांगितली.

एवढ्यात तनुजा बाहेर आली. "बाबा, पेन मी आणते. तुमाला काय, गावानं बघितला म्हंजे झालं ना?"

"व्हय. लांबून निळं चमकलं की माझं नाक राहिलं."

"मग ट्रॅक्टरवाल्याला फोन लावा."

तिनं एक साधा बॉलपेन घेतला आणि आपली निळी नेलपॉलिश. शिवराजनंच सांगितलेल्या रीतीनं तिनं एक थर दिला, वाळवला, मग दुसरा. भट्टीचं काम अंगणातल्या उन्हानं केलं. पेन असा झळकायला लागला, की लग्नात फोटोवाला दोनदा म्हणाला, "साहेब, तो जरा खाली धरा, चमक मारतीय." गाव माना उंचावून बघत होतं. बद्रीनाथराव सगळ्यांना हळूच सांगत होते, "रशियाची कला हाय."

शिवराजनं मोठ्या अभिमानानं सही केली. पण मे महिन्याच्या उकाड्यात रशियाची कला मऊ पडली होती. पेन हातातून सुटेना. ओढून काढला तेव्हा अंगठा निळाभोर. नोंदणीसाठी मांडवात आलेल्या क्लार्कनं त्याच्या अंगठ्याकडे मोठ्या सहानुभूतीनं पाहिलं.

"अंगठा लावायचा होता तर आधी सांगायचं, साहेब. आपल्याकडं पॅड असतं. लाजायचं काय त्यात?"

तरीही शिवराज खूश होता. तनुजा घरी आली, ट्रॅक्टर सासऱ्यांच्या दारात आला. हुंड्याविरुद्धची लढाई आपण जिंकली, असं तो वर्षभर सांगत राहिला. पेनवाल्या जावयाचं नाव तोवर शेजारच्या तालुक्यांतही पोचलं होतं.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचं, श्रेयाचं लग्न जमलं. याद्यांची बैठक फ्लॅटवरच बसली. नवरदेव उभा राहिला. "हुंडा नको, सोनं नको, गाडी नको," तो म्हणाला. "मी तुमचाच आदर्श ठेवलाय."

शिवराजचे डोळे भरून आले.

"नुसता एक पेन द्या," असं म्हणून नवरदेव खाली बसला. शिवराजच्या खिशातला मोबाइल टुणकन वाजला.

स्वयंपाकघरातून तनुजाचा आवाज आला, "अहो, निळी संपलीय. लाल चालंल का, विचारा त्यांना."