मगदूमअण्णांनी मागे घेतलेला पेपर

जंतूंची माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या बेळगावच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत, जंतू मारायचा एक मोठा कुकर आहे. त्याचं झाकण लावण्याआधी डॉ. आदगोंडा मगदूम हात जोडतात आणि पुटपुटतात, "तप्पायतु." म्हणजे कानडीत, चूक झाली. अण्णा निपाणीकडचे जैन. घरी मराठी, बाजारात दोन्ही, पण माफी मागायची झाली की हटकून कानडी. "मराठीत माफी मागितली की पाठोपाठ 'पण' येतंय," असं त्यांचं म्हणणं. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे हा टोमणा मला वरचेवर ऐकावा लागतो.

माफीचं सोडलं तर माणूस कुणापुढे वाकायचा नाही. विषय मॉलेक्युलर बायॉलॉजी, जीव तंबाखूच्या पानात. तंबाखू खाणाऱ्याला मात्र दारात उभं करत नाहीत.

त्यांच्या एका पेपरवर आमच्या कॉलेजची सगळी ऐट होती. पहिलं नाव त्यांच्या गुरूंचं, देसाईसरांचं, आणि दुसरं अण्णांचं. तंबाखूच्या एका रोगाशी झुंजणारा जीन या दोघांनी पानात शोधून काढला होता. देशोदेशीचे संशोधक आपापल्या पेपरात त्याचा दाखला द्यायचे. याला सायटेशन म्हणतात. लग्नातला आहेर मोजावा तशी आमचे प्रिन्सिपल ती मोजत, आणि अण्णांचं प्रोफेसरपदाचं प्रमोशनही त्याच आकड्यावर टेकलं होतं.

गेल्या वर्षी अण्णांनी जुने नमुने नव्या यंत्रावर तपासले. जीन पानाचा नव्हताच, पानावरच्या बुरशीचा होता.

दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता. अण्णांनी पेपर मागे घेत असल्याचं जर्नलला कळवलं. वर, ज्यांनी ज्यांनी दाखला दिला होता त्या प्रत्येकाला मेल धाडला. पर्युषण संपल्यावर जैन मंडळी एकमेकांची क्षमा मागतात, तशी यांनी जपानपासून ब्राझीलपर्यंत मागितली.

प्रिन्सिपलांनी बोलावून घेतलं. मी गॅदरिंगच्या कामासाठी तिथेच बसलो होतो.

"मगदूम, चूक कुणाला दिसलीय का?"

"मला दिसली की."

"मुलाखत तोंडावर आलीय. प्रमोशन होऊ दे, मग घ्या मागं."

"मग लबाडीला पगारवाढ मिळंल. न्हाय जमायचं, सर."

"कॉलेजचं नाक कापताय तुम्ही."

"नाक खोटंच हुतं. कापलं तर रगात येत न्हाय."

प्रमोशन गेलं. त्या दिवशी अण्णांनी सगळ्या स्टाफरूमला चहा पाजला आणि प्रिन्सिपलांचा कप स्वतः केबिनमध्ये नेऊन दिला.

एकाच माणसाची माफी मागायची राहिली होती. देसाईसर खानापुरात मुलीकडे असतात. वय झालं, आठवण गेली. पेपर मागे घेताना त्यांच्या वतीनं मुलीनंच सही केली होती. "पर सरांस्नी तोंडानं सांगायला पायजे," म्हणत अण्णा निघाले आणि सोबतीला मला घेतलं. प्रिन्सिपलांना न भिणारा हा माणूस सरांच्या दारात नुसत्या चपला काढत किती तरी वेळ उभा राहिला.

सरांना मुलीचं नावही आठवत नव्हतं. अण्णांना पाहिलं मात्र आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आदगोंडा! आपला पेपर! किती झाली रं सायटेशनं?"

चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली.

"वाढत्यात, सर," अण्णा म्हणाले. "लई वाढत्यात."

सर हसले आणि अण्णांचा हात धरून बसून राहिले.

आता अण्णा दर महिन्याला नवा आकडा घेऊन खानापूरला जातात. आकडा बसमध्ये ठरतो. "एकदम लई वाढवून भागत न्हाय," ते मला समजावतात, "सर शास्त्रज्ञ हाईत, संशय येईल." परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, हे खोटं नव्हे?"

"हाय की." त्यांचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "जा, सांग जा प्रिन्सिपलला."