शेंगेला शेंग

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना स्वतःचं घर होतं. नव्हतं ते फक्त घरं खणणाऱ्यांना.

घरं खणायचं काम घुशी करायच्या. सशांची बिळं त्यांनी खणली होती, साळिंदरांची खणली होती. टेकडीवर मुंगसांच्या आळीतली तीन-तीन खोल्यांची बिळंसुद्धा त्यांचीच. स्वतः त्या खाली नाल्याच्या काठी राहायच्या, कारण तिथली जागा कोणालाच नको होती.

त्यातलीच एक धुरपा. गेल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी तिच्या बिळात शिरलं. तिने पिल्लांना तोंडात धरून एकेक करून वर नेलं. चार नेली. पाचव्याला आणायला परत गेली तेव्हा तिला बिळाचं तोंड सापडलं नाही.

म्हणून धुरपाला टेकडीवर जागा हवी होती. पुढच्या पावसाच्या आत.

टेकडीवरच्या जागेला शंभर शेंगा पडत. सटवाजी मुंगूस हा घुशींचा मुकादम. तो धुरपाला दिवसाला सहा शेंगा द्यायचा. चार पिल्लं आणि ती, मिळून पाच. एक शेंग उरायची, पण तीही कधी पाहुणा खायचा, कधी कीड.

हिवाळा सरता सरता एके दिवशी माळढोकसाहेब नाल्याकाठी आले. ते राजाचे योजना अधिकारी होते. मान उंच करून ते म्हणाले, "महाराजांनी तुमच्यासाठी 'शेंगेला शेंग' योजना आणली आहे. तुम्ही सरकारी कोठारात एक शेंग ठेवायची, महाराज तिच्याशेजारी दुसरी ठेवतील. पन्नास साठवा आणि शंभर न्या!"

म्हातारी गोदाक्का म्हणाली, "आणि साहेब, मधेच भूक लागली तर?"

"मधे शेंग काढली की खातं मोडलं. महाराजांची शेंग परत महाराजांकडे."

"म्हणजे महाराजांना आमच्याआधी भूक लागते," गोदाक्का पुटपुटली.

धुरपा मात्र तिथल्या तिथे पंजा उमटवून मोकळी झाली.

योजनेत एक अट होती. दर आठवड्याला बचतीच्या वर्गाला बसायचं. वर्ग कामाच्या वेळात असायचा, त्यामुळे त्या दिवसाची मजुरी बुडायची. हरियल मॅडम शिकवायच्या. मुलांनो, हरियल जमिनीला पाय लावत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. मॅडम उंबराच्या उंच फांदीवर बसून शिकवायच्या. पिकलेली उंबरं त्यांना बसल्या जागी मिळायची, त्यामुळे शिकवण्यात खंड पडत नसे.

"आपल्याकडे बचत का होत नाही?" मॅडमनी विचारलं.

"आपण खातो म्हणून," मागून कोणीतरी म्हणालं.

"शाब्बास! धुरपाबाई, काल तुमच्या घरी किती शेंगा खाल्ल्या?"

"पाच, मॅडम."

"किती जणांत?"

"पाच जणांत."

"बघा, बघा!" मॅडमचे पंख फडफडले. "एकेकाला अख्खी शेंग! हाच तो अनावश्यक खर्च."

धुरपाला आपली लाज वाटली. तिने मान खाली घातली आणि घरी जाऊन दोन पिल्लांत एक शेंग केली.

कोठारात शेंगा पडू लागल्या. दहा झाल्या. पंधरा झाल्या. ही बातमी सटवाजी मुकादमाच्या कानावर गेली. मजुरीच्या वेळी त्याने धुरपासमोर पाचच शेंगा ठेवल्या.

"मुकादम, एक राहिली."

"राहिली नाही, धुरपे. आता तुला रोज एक शेंग राजा देतो ना? मग मी का देऊ? दोघांनी देऊन तुझी सवय बिघडायची."

"पण ती कोठारात पडते. मला दिसतसुद्धा नाही."

"डोळ्यांना त्रास आहे का तुला? तसं सांग, दुसरी घूस बघतो."

धुरपाने पाच शेंगा उचलल्या. त्या दिवसापासून तिने स्वतःची शेंग कोठारात टाकायला सुरुवात केली आणि स्वतः गवताची मुळं चघळली. ती इतकी वाळली की वर्गात मॅडमनी तिला उभं करून सगळ्यांना दाखवलं. "याला म्हणतात शिस्त," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोदाक्काने नाही वाजवल्या. ती धुरपाच्या कानाशी म्हणाली, "अगं, जागा मिळेपर्यंत टिकशील ना? टेकडीवर नुसती शेपटी न्यायची आहे का?"

उन्हाळा निम्मा झाला. धुरपाची एक्केचाळिसावी शेंग कोठारात पडली. दुसऱ्याच दिवशी तिला माळढोकसाहेबांचं बोलावणं आलं.

"अभिनंदन, धुरपाबाई," साहेब म्हणाले. "तुम्ही आता गरीब राहिला नाहीत."

धुरपाने मागे वळून पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

"मी, साहेब?"

"तुम्हीच. ज्याच्या नावावर चाळीसपेक्षा जास्त शेंगा, तो नियमानुसार गरीब नाही. आणि योजना फक्त गरिबांसाठी आहे. त्यामुळे तुमचं नाव कमी केलं."

"पण साहेब, पन्नास साठवल्याशिवाय मिळत नाही ना?"

"नाही मिळत."

"मग पन्नास साठवणार कोण?"

"जो गरीब आहे तो."

"आणि गरिबाने चाळीसपेक्षा जास्त साठवल्या तर?"

"मग तो गरीब नाही. सोपं आहे, धुरपाबाई. वर्गात लक्ष दिलं नाहीत वाटतं?"

धुरपाने पंजावर हिशेब केला. "साहेब, मी एक शेंग आत्ता इथे तुमच्यासमोर खाते. मग चाळीस होतील."

"शेंग काढली की खातं मोडलं," साहेब हळहळून म्हणाले.

तिच्या एक्केचाळीस शेंगा तिला परत मिळाल्या. त्यातल्या अकरांना कोठारातल्या ओलीने बुरशी धरली होती. उरलेल्या तीस पिल्लांनी आठवडाभरात संपवल्या. फार दिवसांनी एकेकाला अख्खी शेंग मिळत होती.

हे सगळ्याच घुशींचं झालं. वर्षाअखेरीला महाराजांच्या वाटच्या शेंगा जशाच्या तशा उरल्या. आता मुलांनो, सरकारी शेंगा उरल्या तर पुढच्या वर्षी कमी मिळतात. माळढोकसाहेबांची झोप उडाली. शेवटी त्यांनी टेकडीवरची सगळ्यात कोरडी जागा बघितली आणि तिथे एक भव्य 'बचत भवन' खणायचं ठरवलं. काम सटवाजीला मिळालं. खणायला धुरपा होतीच.

तिने मोठं दालन खणलं. साहेबांची खोली खणली. साहेबांच्या पाहुण्यांची खोली खणली. मग तिचे पंजे आपोआप मागच्या बाजूला वळले. बिळाला एकच तोंड ठेवून घूस कधी थांबत नाही. दुसरं तोंड पाडल्याशिवाय तिला काम संपल्यासारखंच वाटत नाही.

"हे काय?" सटवाजी ओरडला. "नकाशात हे भोक कुठे आहे?"

"नकाशात नाही मुकादम, हातात आहे. चुकून पडलं."

"बुजव ते!"

"बुजवते," धुरपा म्हणाली आणि भोकावर मूठभर गवत ठेवलं.

भवन तयार झालं, पण उघडलं नाही. दारावरची वेल महाराजांच्याच हातून तोडायची होती आणि महाराजांना वेळ नव्हता. तेवढ्यात पाऊस आला. नाला फुगला. धुरपाने पहिलं पिल्लू तोंडात धरलं आणि ती टेकडी चढली. मग दुसरं. मग तिसरं. चौथ्याच्या वेळी पाणी तिच्या मिशांना लागलं होतं, पण पिल्लू तिच्या तोंडात होतं. गवत बाजूला सारून ती आत शिरली. पाहुण्यांच्या खोलीत चौघं कोरडी ठणठणीत झोपली.

पाऊस उघडल्यावर महाराज आले. त्यांनी वेल तोडली. सगळे आत गेले. महाराजांनी मिशा पुसत विचारलं, "या योजनेतून किती घुशी टेकडीवर राहायला आल्या?"

माळढोकसाहेबांची मान पहिल्यांदाच आखूड झाली. हरियल मॅडम बाहेरच्या फांदीवरून आभाळ पाहू लागल्या. इतक्यात पाहुण्यांच्या खोलीतून कोणीतरी शिंकलं.

महाराजांनी डोकावलं. आत धुरपा पिल्लांना पोटाशी धरून बसली होती.

"पाच, महाराज!" साहेब एका दमात म्हणाले. "हे बघा, पाच लाभार्थी! एका वर्षात!"

महाराज प्रसन्न झाले. त्यांच्यासमोर दप्तरात 'पाच' असं लिहिलं गेलं आणि त्यांचा शिक्का बसला.

महाराज गेल्यावर साहेब धुरपाकडे वळले. "उद्या सकाळी खोली रिकामी करा, बाई. ही सरकारी जागा आहे."

धुरपा कधी साहेबांना उलटून बोलली नव्हती. आताही ती हळूच बोलली.

"करते, साहेब. पण मग त्या पाचाचं काय करता? शून्य करायचं म्हटलं तर महाराजांना विचारावं लागेल."

साहेबांनी दप्तरातला शिक्का पुन्हा एकदा पाहिला. मग ते पाहुण्यांच्या खोलीचं दार हलक्या हाताने ओढून घेऊन निघून गेले.

तात्पर्य : बचत केल्याने गरिबाला घर मिळते, असे सरकारी दप्तरात लिहिलेले असते. दप्तर खोटे पडू न देणे ही प्रत्येक गरिबाची जबाबदारी आहे. म्हणून त्याने आधी घरात शिरावे. बचतीचे नंतर बघता येते.