पोलादसरांचा हलका आठवडा

"शरीर हे प्रामाणिक जनावर आहे. तुम्ही त्याला शिस्त लावा, ते तुम्हाला जन्मात कधी दगा देणार नाही," असं पोलादसरांनी सोमवारी सकाळी आरशातल्या स्वतःला उद्देशून जाहीर केलं, समाधानाने मान डोलावली आणि पलंगाखाली गेलेला मोजा काढायला ते वाकले.

मोजा हातात आला. सर वर आले नाहीत.

कमरेत कुणीतरी आतून कडी घालावी तसं काहीसं झालं आणि सर काटकोनात राहिले. थोडा वेळ त्यांनी फरशीचं निरीक्षण केलं. मग फरशीलाच म्हणाले, "अगं, जरा इकडे येतेस?"

बायको आली. "काय हरवलंय?"

"काही नाही."

"मग काय शोधताय?"

"शोधत नाहीये. थांबलोय."

बायकोने दोन्ही खांद्यांना धरून, अडकलेला ड्रॉवर ओढतात तसं त्यांना हळूहळू सरळ केलं. पलंगावर बसवलं, मोजे घातले, बूट घातले आणि मग म्हणाली, "आज रजा घ्या. कंबर धरली म्हणून कळवा."

"कंबर धरली असं मी कळवू? मी?"

"मग काय कमरेने जाऊन सांगायचं?"

बायकोला वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. पोलादसर एका क्लबातल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचे ताकद-प्रशिक्षक होते. चेंडूशी त्यांचा संबंध नव्हता; चेंडू मारणाऱ्या हातापायांत जोर भरणं हे त्यांचं काम. किती वजन उचलायचं, किती वेळा उचलायचं आणि मध्ये किती विसावा घ्यायचा, या तीन पायांवर हे शास्त्र उभं असतं. पैकी पहिल्या दोन पायांवर सरांची अपार श्रद्धा होती. "विसावा मेल्यावर भरपूर मिळतो," असं ते म्हणत. क्लबच्या फिजिओबाई महिनाभर त्यांच्या मागे लागल्या होत्या, की पोरी थकल्यात, सामन्यांच्या आधी आठवडाभर तरी वजनं उतरवा. सर त्यांना म्हणाले होते, "बाई, तुम्ही बर्फाच्या पिशव्या सांभाळा."

आणि संघातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत, ती एकदा सरावाच्या मध्येच वजनाचा बार खाली ठेवून म्हणाली होती, "सर, कंबर खूप दुखतेय." त्यावर सर अख्ख्या संघासमोर म्हणाले होते, "दुखणं कमरेत नसतं, मनात असतं. ही कंबर नाही, हे नाटक आहे." एवढ्यावर न थांबता अध्यक्षांच्या कानावरही त्यांनी घातलं होतं, की ही पोर कच्ची आहे, शनिवारी संघ निवडताना हिला गाळा.

"त्या मुलीला मी काय काय बोललोय, तुला माहीत नाही," सर बायकोला म्हणाले.

"माहीत आहे की. जेवताना तुम्हीच कौतुकाने सांगितलंत."

सरांनी बुटांकडे पाहिलं. तेही दिसले नाहीत, कारण मान तेवढी खाली जात नव्हती.

व्यायामशाळेत सर ताठ चालत शिरले. ते नेहमीच ताठ चालत, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. खरी पंचाईत पुढे होती. सरांचा एक नियम साऱ्या क्लबात गाजलेला होता: जे मी आधी करून दाखवत नाही, ते खेळाडूला करायला सांगत नाही. बाकीचे प्रशिक्षक खुर्चीत बसून शिट्ट्या मारत. सर मात्र प्रत्येक वजन आधी स्वतः उचलत. या नियमाचा त्यांना फार अभिमान होता. त्या सकाळी तो त्यांच्याकडे सासुरवाडीच्या पाहुण्यासारखा बघत उभा होता, हलायचं नाव नाही.

निवडीआधीचा आठवडा म्हणजे सगळ्यात जड आठवडा. मुलींनी बारला मोठमोठ्या चकत्या लावून ठेवल्या होत्या आणि घाम फुटल्या चेहऱ्याने त्या सरांची वाट पाहत होत्या. सरांनी बारकडे पाहिलं. बारने सरांकडे पाहिलं.

"चकत्या काढा," सर म्हणाले.

"किती काढू, सर?" शिडीने विचारलं.

"सगळ्या. बारही राहू दे. ती कोपऱ्यातली काठी आण."

काठी आली. ती छताची जळमटं काढायची होती. सरांनी ती दोन्ही हातांत धरली, वीतभर खाली गेले, डोळ्यांपुढे चांदण्या पाहिल्या आणि जपून वर आले.

"झालं. आता तुम्ही."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "सर, हे खरंच?"

आता काहीतरी बोलणं भाग होतं. "वजन सगळेच उचलतात," सर म्हणाले. "नसलेलं वजन उचलायला अक्कल लागते." हे वाक्य ऐकून सगळ्यांत जास्त आश्चर्य सरांनाच वाटलं. मुलींनी मात्र माना हलवल्या आणि त्या दिवशी संघाने जळमटांची काठी आळीपाळीने, अत्यंत गंभीरपणे उचलली.

एक खोटं बोललं की त्याला टेकू म्हणून दुसरं लागतं. मंगळवारी धावायचं होतं. सर चालू शकत होते, म्हणून संघ चालला. बुधवारी उड्या होत्या. उडी या शब्दानेच सरांच्या अंगावर काटा आला, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "आज श्वास. पाठीवर झोपायचं आणि फक्त श्वास घ्यायचा." आणि नियमाप्रमाणे ते स्वतः आधी झोपले.

इथे त्यांचा हिशेब चुकला. झोपणं हा व्यायामाचा अर्धाच भाग असतो, उठणं हा दुसरा, हे पाठ टेकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी एक कड बदलून पाहिली, जमेना. दुसरी पाहिली, तीही जमेना. मग ते निमूट श्वास घेत राहिले. सर उठेनात म्हणून मुलीही उठेनात. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा फिरत होता, आणि महिनोन्‌महिने वजनांखाली दबलेल्या त्या पोरी एकेक करून गाढ झोपल्या. कुणीतरी घोरूही लागलं.

शेवटी सरांनी हिय्या केला. ते पालथे झाले, गुडघ्यांवर आले आणि रांगत भिंतीच्या दिशेने निघाले. भिंत धरून उभं राहता येईल असा बेत होता. पण त्या आवाजाने शिडी जागी झाली. तिने सरांना रांगताना पाहिलं, बाजूच्या दोघीतिघींना हलवलं, आणि अख्खा संघ सरांच्या मागे एका रांगेत रांगू लागला.

नेमके तेव्हाच अध्यक्ष दारात आले. मागे फिजिओबाई होत्या.

अध्यक्ष बराच वेळ पाहत राहिले. "मला खेळातलं काही कळत नाही," ते म्हणाले. अध्यक्ष व्हायला तेवढी पात्रता पुरे झाली होती. "पण हे काय चाललंय?"

"मूळ हालचाल," सर जमिनीवरून म्हणाले. "माणूस रांगायला विसरला, तिथून त्याची घसरण सुरू झाली."

"वा," अध्यक्ष म्हणाले आणि भारावून निघून गेले.

सर भिंतीला हात लावून वर आले, तेव्हा मुली पाणी प्यायला गेल्या होत्या. फिजिओबाई शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "डावीकडे की उजवीकडे?"

"काय?"

"दुखतंय ते."

"मला काहीही दुखत नाही."

"बरं. मग जे दुखत नाही, त्याला गरम पाण्याची पिशवी लावा. आणि जे दुखत नाही ते घेऊन एका जागी बसून राहू नका. चालत राहा. खोल खुर्चीत तर मुळीच बसू नका."

बाईंचा आवाज इतका सरळ होता, की सरांना टोमणा मारल्यापेक्षा जास्त लागलं.

शनिवार उजाडला. निवडीची रीत जुनी होती: बोटांना खडूची पूड लावायची, भिंतीलगत उडी मारायची, बोटं उमटतील तिथे रेघ. गेल्या महिन्याच्या रेघा भिंतीवर होत्याच. आठवडाभर काठी उचललेल्या आणि झोपा काढलेल्या पोरी आता त्या रेघांच्या किती खाली राहतात, या विचाराने सरांना घाम फुटला होता. अब्रू गेली तर गेली, पण यांची निवड?

पहिल्या मुलीने उडी मारली. बोटं जुन्या रेघेच्या वर उमटली. दुसरीचीही. तिसरी तर खाली आल्यावर भिंतीकडे बघून स्वतःच हसली. पोरींच्या अंगात जोर केव्हाचा भरला होता; तो फक्त थकव्याखाली दडपला होता. थकवा उतरला आणि जोर वर आला. शिडीची पाळी आली तेव्हा तिची बोटं सगळ्यांच्या वर, रंग न लावलेल्या भागात जाऊन टेकली.

अध्यक्ष पुढे झाले. त्यांचा आवाज मुळातच सभेचा होता. "सर, हिलाच गाळायची होती ना? नाटकी म्हणाला होतात ती हीच ना?"

शिडीने खडूचे हात पाठीमागे नेले आणि ती जमिनीकडे बघू लागली. सरांच्या जिभेवर खरं आलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "मी... तिची परीक्षा घेत होतो."

"बघा," अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात मानसशास्त्र. संध्याकाळी सभागृहात या. क्लबातल्या साऱ्या प्रशिक्षकांना तुमची ही पद्धत सांगा."

फिजिओबाईंनी फक्त सरांकडे एकदा पाहिलं. त्या नजरेपुढे सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी बायको म्हणाली, "मग, मोठे झालात म्हणे."

"एवढा लहान मी कधीच झालो नव्हतो," सर म्हणाले आणि न जेवता घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिले.

संध्याकाळी सभागृह भरलं. व्यासपीठावर अध्यक्षांनी स्वतःच्या खोलीतला सोफा मुद्दाम आणवला होता. मऊ, बुटका आणि आतून विहिरीसारखा. "बसा, बसा," म्हणत त्यांनी सरांना आग्रहाने त्यात बसवलं. सर खाली गेले, आणखी खाली गेले, आणि गुडघे हनुवटीशी आल्यावर थांबले. भाषणाची वेळ आली तेव्हा त्यांनी उठायचा एक प्रयत्न केला आणि तो कुणाला दिसायच्या आत सोडून दिला. ध्वनिक्षेपक खाली आणण्यात आला.

"मी बसूनच बोलतो," सर म्हणाले. या साधेपणालाच पहिल्या टाळ्या पडल्या.

"टाळ्या नकोत," सर म्हणाले. "या आठवड्यात शास्त्रबिस्त्र काही नव्हतं. माझी कंबर धरली होती. मला काठीशिवाय काही उचलवत नव्हतं, म्हणून या पोरींनाही काठी दिली. मी झोपलो आणि मला उठता येईना, म्हणून या झोपल्या."

सभागृहात हशा पिकला. एक जण डोळे पुसत म्हणाला, "काय रंगवून सांगतो हा माणूस."

"पोरींना विश्रांती द्या, असं फिजिओबाई महिनाभर सांगत होत्या. मी ऐकलं नाही. आणि ही आमची शिडी कंबर दुखते म्हणाली, ते खरं होतं. मी तिला सगळ्यांसमोर नाटकी म्हणालो. आज सकाळी परीक्षा घेत होतो म्हणालो, तेही खोटं. नाटकी मीच होतो."

"केवढा हा विनय," अध्यक्ष म्हणाले आणि उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या मागोमाग सगळं सभागृह उभं राहिलं. बसलेले फक्त सर होते.

टाळी न वाजवणाऱ्या दोघीच होत्या. फिजिओबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं होतं. आणि शिडी व्यासपीठाच्या पायऱ्या चढून सोफ्याजवळ आली होती.

"सर, ते खरं होतं?"

"शब्द न्‌ शब्द. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. ते हसले, त्याला मी काय करू?"

शिडी सोफ्याकडे वाकली. मग म्हणाली, "तुम्हाला शिंक यायची भीती वाटते का हो?"

सरांनी चमकून वर पाहिलं. "तुलाही वाटायची?"

"मी नाक दाबून धरायचे. शिंकलं की कमरेत कळ जायची."

"माझं चुकलं, पोरी."

"हं," ती म्हणाली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. पण गेलीही नाही.

तेवढ्यात खालून अध्यक्षांनी हाक दिली, "चला सर, या पुढे. सगळ्यांबरोबर उभं राहून एक फोटो होऊन जाऊ दे." फोटोवाला वाट पाहत होता. सगळा क्लब रांगेत उभा होता, आणि मधोमध पोलादसरांपुरती जागा मोकळी सोडलेली होती.

सरांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि ध्वनिक्षेपक हाताने झाकून ते शिडीला हलकेच म्हणाले, "जरा मला यातून वर काढतेस का? हळू मात्र."