हत्यार राहू दे, हात दाव

तुम्ही कधी पोटतिडकीने चुकीची मागणी केली आहे का? मी केली आहे. छापून वाटलीसुद्धा.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात धोंडीनाना लोहार होते. कुणी विळा-कुऱ्हाड घेऊन आलं, की नाना हत्याराकडे बघतच नसत. "हत्यार राहू दे, हात दाव." मग चष्मा कपाळावर सरकवून तळव्यावरचे घट्टे वाचत. फलटणचा एक ऊसवाला कोयत्याला शिव्या देत आला, तर नाना म्हणाले, "कोयता गुणाचा हाय. तू डावरा हायस गड्या, धार उजव्या हाताची हाय." लोक त्यांना 'ज्योतिषी' म्हणत. दोघे-तिघे खरंच भविष्य विचारायला आले आणि विळ्याला नवी मूठ लावून परतले.

बहात्तरच्या दुष्काळात बायका खडी फोडायला जात. त्यांतल्या हौसाक्काचा ढीग रोज अपुरा राही. मुकादमाने बजावलं, "शनवारपातूर ढीग भरला न्हाई, तर हजेरीपटावरनं नाव कमी." तिच्या घरची चूल त्या हजेरीवरच पेटत होती. मी विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "लय जड जातंय." झालं. मी सांगलीहून पत्रकं छापून आणली: 'हातोड्या हलक्या करा!'

नानांनी पत्रक वाचलं. "हातोडी जड हाय, असं म्हणाली ती?"

"जड जातंय म्हणाली."

"काय जड जातंय, ते इचारलंस?"

मी पत्रक त्यांच्या हातातून परत घेतलं.

गुरुवारी नाना खडीवर जाऊन नुसते बसून राहिले. मुकादम खेकसला, "म्हाताऱ्या, काम न्हाई का?"

"हेच काम हाय."

दुपारी ते हौसाक्काला म्हणाले, "उजवा नगं. डावा हात दाव, पोरी."

तिने तो पदराखाली घेतला. बऱ्याच वेळाने बाहेर काढला. दोन नखं काळीनिळी पडली होती. दगड निसटू नये म्हणून ती डाव्या हाताने धरायची, आणि बोटं वाचवायला घाव हळू घालायची. माझी मागणी मान्य झाली असती, तर हलक्या हातोडीचा घाव आणखी कमजोर पडून ढीग आणखी लहान झाला असता.

नानांनी बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची कडी वळवली, तिला लांब दांडा बसवला. दगड कडीत, हात लांब. शनिवारी मुकादमाने ढीग दोनदा मोजला. हौसाक्काचं नाव राहिलं.

संध्याकाळी मी भट्टीवर गेलो. नाना एकटेच कमरेत वाकून भाता ओढत होते.

"भात्याची मूठ इतकी खाली का, नाना?"

"तुझ्या काकीच्या उंचीची हाय."

काकी, म्हणजे नानांची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती.

"जलमभर टाचा उचलून वढायची. खांदा गेला तिचा. म्या जगाचं हात बघत बसलो." त्यांनी निखारा उगाच हलवला. "ही मूठ ती गेल्यावर बसवली."

तेव्हा पत्रक नंतर लिहा. तुमच्यासाठी घरात किंवा शेतात जे कुणी रोज राबतं, त्या माणसाला आज विचारा, काय जड जातंय. आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसा.