फिरता पाट

"बाई, फळ्यावर हे गांडूळ कशाचं काढलंय?" बब्रुवानराव पाटलांनी खुर्चीतूनच विचारलं.

"संकलनाचं चिन्ह आहे ते, तात्या," नीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "वस्तूचे अगदी बारीक तुकडे कल्पायचे. प्रत्येकाचं वजन आसापासूनच्या अंतराच्या वर्गानं गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. फिरणारी वस्तू किती हट्टी आहे ते कळतं."

"आन् ह्या बेरजेनं ज्वारी जास्त पिकती का?"

शाळा समितीतले चौघे हसले. उमरग्याच्या त्या शाळेत मुलींसाठी विज्ञानाचा वर्ग काढायचा की नाही, ते आज ठरायचं होतं. दोघे बाजूचे, दोघे विरुद्ध. पाचवं मत अध्यक्षांचं, म्हणजे तात्यांचं. वर्ग निघाला नाही तर ते स्वतःच्या मुलीचं, शारदाचं नाव शाळेतून काढणार होते. आणि सात वर्षांत नीलाबाईंना शारदासारखी विद्यार्थिनी मिळाली नव्हती.

म्हणून त्यांनी प्रयोगच मांडला होता. हमरस्त्यावरच्या ईरण्णा मिस्त्रीनं लॉरीच्या बेअरिंगवर रुंद पाट बसवून दिला होता. किलो आल्यामुळं बाद झालेली दोन पाचशेरी वजनं वाण्याकडून आणली होती. वजनं घेऊन पाटावर बसायचं, हात पसरायचे, कुणीतरी हलकेच फिरवायचं आणि मग हात छातीशी घ्यायचे. वेग अडीच पट व्हायला हवा, असं गणित सांगत होतं.

"म्या बसतो," तात्या म्हणाले. "तुमचं गणित खोटं पडताना जवळून बघतो."

नीलाबाईंनी धक्का दिला. तात्या हात पसरून संथ फिरू लागले.

"आता हात जवळ घ्या."

तात्यांनी घेतले, आणि पाट भिंगरीसारखा सुटला.

गणित बरोबर आलं. अंदाज चुकला तो माणसाचा. घाबरलेला माणूस अंग चोरतो. तात्यांनी अंग चोरलं तसा वेग वाढला, वेग वाढला तशी भीती वाढली, आणि भीतीनं त्यांनी गुडघेही पोटाशी घेतले.

"हात लांब करा, तात्या!"

"तुटून जातील की!"

"मग वजनं तरी सोडू नका!"

हे ऐकताच समितीचे चौघे बाकाखाली गेले. हेडमास्तर अंबादासपंतांनी धीर करून तात्यांच्या फेट्याचा सुटलेला शेमला पकडला. फेटा उलगडत गेला, आणि भोवऱ्याची दोरी ओढावी तसे तात्या आणखी जोरात फिरले.

"मिस्त्री, हे थांबणार कधी?"

"नवं ग्रीस हाय, बाई," पाटाशेजारी उभा असलेला ईरण्णा अभिमानानं म्हणाला. "लौकर थांबलं तर नाव लावणार न्हाय."

नीलाबाईंनी खडू उचलला. दोन-तीन ओळींत उत्तर आलं : अजून दोन मिनिटं चाळीस सेकंद. तात्यांच्या चेहऱ्याचा रंग बघता तेवढा वेळ हाताशी नव्हता.

तेवढ्यात दारातून शारदा ओरडली, "तात्या, आपली नवी इहीर किती रुंद हाय हो? हितली माणसं ल्हान म्हणत्यात!"

"ल्हान?" तात्या गरजले. "आरं, ही एवढी!"

दोन्ही हात वजनांसकट पसरले गेले. पाट एकदम मंदावला. ईरण्णानं पाय लावून तो थांबवला.

नीलाबाई शारदाकडं बघत राहिल्या. त्यांनी अंतर धरलं होतं, वजन धरलं होतं, घर्षणही धरलं होतं. तात्यांचा स्वभाव धरायचं त्यांना सुचलं नव्हतं. ह्या मुलीनं तोही गणितात घेतला होता.

अंबादासपंतांनी फेट्याची घडी काखेत मारली. "वर्गाच्या बाजूचे असतील त्यांनी हात वर करावेत."

बाकाखालून दोन हात वर आले. तात्यांचे दोन पसरलेलेच होते.

"तात्या, हात खाली घ्या. नाहीतर मत धरलं जाईल."

"धरा," तात्या डोळे मिटून म्हणाले. "खोली अजून फिरतीया. पर ज्या पोरीला बापाला थांबवायचं डोकं हाय, तिला घरी बसवू कसा?"

"पण दोन हात म्हणजे दोन मतं होतात!" अंबादासपंत म्हणाले.

"होऊ द्या. एक माझं, एक हिच्या आईचं. हात काय म्या आज जवळ घेणार न्हाय."